हद्दीवरचे गाव

वूस्टर पार्क स्टेशनावर उतरून घराकडे चालू लागले की दहा-बारा मिनिटांत मी लंडनच्या हद्दीबाहेर पडते. हद्द ओलांडल्याचे सांगणारे वाटेत जवळजवळ काहीच नाही. दोन्ही बाजूंना १९३० च्या दशकात बांधलेली तीच दुमजली जोडघरे, दर्शनी भिंतीतून गोलाकार पुढे आलेली तीच खिडकी, तीच लालसर कौले आणि कंबरेइतक्या उंचीची तीच कातरलेली कुंपणे. मात्र एका घराच्या दारातला कचरा एक कौन्सिल उचलते आणि थोड्या पुढच्या घराचा दुसरी. अलीकडच्या घरातल्या बाईंना साठी उलटताच लंडनच्या बसमधून आणि भुयारी रेल्वेतून फुकट प्रवास करता येतो. पलीकडच्या घरातल्या त्यांच्या मैत्रिणीला सरकारी निवृत्तिवेतनाच्या वयापर्यंत, म्हणजे साठीनंतरही सहा-सात वर्षे थांबावे लागते आणि तेव्हाही तिच्या हाती पास येतो तो फक्त बसचा. २९ ऑगस्ट २०२३ पासून तर या रेघेला पैशांतही मोजता येते, कारण जुनी डिझेल गाडी रेघेच्या लंडनकडच्या बाजूला नेली की दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात.

या रेघेच्या बाहेर, पण तिला अगदी चिकटून वसलेल्या गावाचे नाव एप्सम अँड यूल. यूल हे नाव इंग्रजीत लिहिताना लांबलचक दिसते, पण उच्चारताना एका श्वासात संपते. झऱ्याचा उगम असा त्याचा जुना अर्थ आहे आणि तो झरा अजूनही वाहतो. सोळा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथल्या स्टोनली भागात राहायला आलो तेव्हा मला यातले काही ठाऊक नव्हते. घर लंडनजवळ आहे, गाडी थेट वॉटर्लूला जाते आणि भाडे परवडते, एवढ्या तीन गोष्टी पाहून आम्ही इथे आलो होतो.

गावाबद्दलचे पहिले प्रश्न बाबांनी विचारले. ते एका लहान नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात पस्तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे कोणतेही गाव त्यांना त्याच्या कारभारातूनच दिसते. फोनवर त्यांनी एकामागून एक विचारले, "तुमचं गाव कुठल्या जिल्ह्यात येतं? पाणी कोण सोडतं? घरपट्टी कुठे भरायची? नगराध्यक्ष कोण आहे?" यांपैकी एकाचेही उत्तर मला देता आले नाही. "मग तू तिथे राहतेस म्हणजे नेमकं काय करतेस?" असे ते हसत म्हणाले. त्या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधताच मी या गावाच्या प्रेमात पडले, हे आज मागे वळून पाहताना जाणवते.

पहिला गोंधळ शब्दाचाच होता. इंग्लंडमधील डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे. आपल्या जिल्ह्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे काउंटी, आणि आमची काउंटी सरे. सरेच्या पोटात अकरा डिस्ट्रिक्ट आहेत. त्यांतला एप्सम अँड यूल हा क्षेत्रफळाने आणि लोकसंख्येनेही सर्वांत लहान, सुमारे ३४ चौरस किलोमीटरचा. २०२१ च्या जनगणनेनुसार इथे जेमतेम ८१ हजार माणसे राहतात. जुन्या सनदेमुळे या डिस्ट्रिक्टला बरो म्हणण्याचा मान आहे, पण त्या मानाने अधिकारांत काही भर पडत नाही. अधिकार दोन मजल्यांवर वाटलेले आहेत. शाळा, रस्ते, ग्रंथालये आणि वृद्धांची काळजी काउंटीकडे आहे. कचरा उचलणे, बांधकामाची परवानगी, बागा, घरकुलांची यादी, मतदारयादी आणि करवसुली ही कामे बरोकडे आहेत. माझ्या दारासमोरच्या रस्त्यावर खड्डा पडला तर तो काउंटीचा असतो आणि त्याच रस्त्यावर साचलेली पाने झाडायची असतील तर ते काम बरोचे असते. कचऱ्याचा डबा बरोची गाडी रिकामा करते, पण त्या कचऱ्याची पुढची विल्हेवाट काउंटी लावते. घरपट्टीच्या जागी कौन्सिल टॅक्स असतो आणि तो घराच्या १ एप्रिल १९९१ रोजीच्या किमतीवरून ठरलेल्या गटानुसार आकारला जातो. पस्तीस वर्षांपूर्वीची ती किंमत अजून कुणी बदललेली नाही. बिल बरोच्या नावाने येते, म्हणून लोकांना वाटते की सगळे पैसे बरोच घेते. प्रत्यक्षात मोठा वाटा काउंटी आणि पोलीस यांचा असतो आणि बरोच्या हाती शंभरातले दहाएक पौंड उरतात.

पाण्याचे ऐकून मात्र बाबा गप्पच झाले. पाणी कौन्सिल देतच नाही, ते खासगी कंपनीकडून येते, हे त्यांना कितीतरी वेळ पटेना. गावाला पाणी न देणाऱ्या संस्थेला नगरपालिका का म्हणायचे, हा त्यांचा प्रश्न मला आजही योग्य वाटतो.

नगराध्यक्षाच्या प्रश्नाचे उत्तर त्याहून वेगळे निघाले. इथे महापौर असतो, पण दरवर्षी नगरसेवक आपल्यातूनच एकाला निवडतात. गळ्यात मानाची साखळी घालून शाळांच्या समारंभांना आणि स्मृतिदिनाला हजर राहणे हे त्याचे काम. कारभाराचे निर्णय समित्या घेतात. २००० साली झालेल्या कायद्याने इंग्लंडमधील बहुतेक कौन्सिलांना नेता आणि त्याचे मंत्रिमंडळ अशी रचना स्वीकारावी लागली. ८५ हजारांहून कमी वस्ती असलेल्या डिस्ट्रिक्टांना मात्र जुनी समितीपद्धत राखण्याची सवलत होती आणि आमच्या बरोने ती घेतली. त्यामुळे ३५ नगरसेवकांपैकी प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या विषयावर प्रत्यक्ष मत द्यावे लागते आणि आपल्या प्रभागातल्या माणसांना तोंड दाखवताना त्या मताचा हिशेब द्यावा लागतो. ही पद्धत संथ आहे हे मान्य करूनही मला ती जपण्याजोगी वाटते, कारण निर्णय कोणी घेतला हे तिच्यात लपत नाही.

या गावाची सगळ्यात मोठी ओळख मात्र यापुढे आहे. १९३७ साली एप्सम अँड यूलला बरोची सनद मिळाली, आणि तेव्हापासून आजपर्यंत इथे कोणत्याही राष्ट्रीय पक्षाची सत्ता आलेली नाही. कंझर्व्हेटिव्ह, लेबर आणि लिबरल यांचे मोजके नगरसेवक निवडून येतात, पण बहुमत सतत रहिवासी संघांचे, म्हणजे रेसिडेंट्स असोसिएशनांचे राहिले आहे. हेच मतदार संसदेच्या निवडणुकीत मात्र पिढ्यान्‌पिढ्या कंझर्व्हेटिव्ह खासदार निवडून देत राहिले. जुलै २०२४ मध्ये पहिल्यांदा तो क्रम मोडला आणि लिबरल डेमोक्रॅट उमेदवार जिंकला. एकाच माणसाने देशासाठी एक विचार करावा आणि आपल्या गल्लीसाठी दुसरा, आणि या दोन्हींत त्याला काहीही विसंगती वाटू नये, ही गोष्ट मला फार विचार करायला लावणारी वाटली.

याचे मूळ रेल्वेत आणि घरबांधणीत आहे. १८९४ मध्ये एप्समला नागरी डिस्ट्रिक्टचा दर्जा मिळाला तेव्हा ते घोड्यांच्या शर्यतीचे आणि बाजाराचे एक गाव होते. पहिल्या महायुद्धानंतर एप्समच्या मार्गावरही विजेच्या गाड्या धावू लागल्या. लंडनच्या कचेरीत काम करणाऱ्या कारकुनाला बागेचा तुकडा असलेले स्वतःचे घर हप्त्यांवर घेता येऊ लागले. १९३२ साली स्टोनली स्टेशन उघडले तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना बरीचशी शेते होती, आणि दशक संपेपर्यंत तिथे रस्त्यांमागून रस्ते उभे राहिले. १९३३ मध्ये यूल आणि कडिंग्टन हे भाग एप्समला जोडले गेले आणि पुढच्या वर्षी डिस्ट्रिक्टचे नावही बदलले. पण घरे जितक्या लवकर उठतात तितक्या लवकर गाव उठत नाही. नव्या वसाहतीत राहायला आलेल्यांना पक्के रस्ते, दिवे, गटारे आणि मुलांसाठी शाळा हव्या होत्या, आणि त्यांपैकी कोणीही मूळचा इथला नसल्यामुळे ओळखीपाळखीने काम होण्याची सोय नव्हती. म्हणून रस्त्यारस्त्यांतून संघ निघाले आणि त्यांनीच पुढे आपली माणसे कौन्सिलात पाठवली. माझ्यासारख्या परक्या मुलखातून आलेल्या बाईला या इतिहासात एक आधार सापडतो. हे गाव घडवणारेही बाहेरून आलेले होते आणि त्यांनी मूळच्या माणसांची वाट न पाहता कारभारात हात घातला.

हे सगळे ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखंच, चिन्हाशिवाय. पण चिन्ह नसलं तरी पक्ष असतोच, बरं का." त्यांचे म्हणणे खोटे नाही. रहिवासी संघांचीही आता राजकीय पक्ष म्हणून रीतसर नोंदणी झालेली आहे. आमच्यात पक्षादेश नसतो, असे त्यांचे सांगणे आहे. तरीही इतकी वर्षे सत्तेत राहिलेल्या कोणत्याही गटाला सत्तेची सवय लागणारच, आणि विरोधकांचे संख्याबळ कायमच अपुरे राहिले की प्रश्न विचारणारा आवाज क्षीण होतो. हा दोष लपवण्यात अर्थ नाही. पण पक्ष म्हणजे वरून येणारा आदेश असेल, तर तो वरचा मजलाच इथे नाही. लंडनच्या मुख्यालयातून यूलच्या बागेविषयी कोणी सूचना पाठवत नाही.

हे मला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक शिकवले ते आमच्या रस्त्याच्या प्रतिनिधींनी. वय ऐंशीच्या पुढे, पाठीत थोडा बाक, डोक्यावर बारा महिने तीच करडी टोपी. प्रत्येक संघाचे असे प्रतिनिधी असतात. ते वर्षातून काही वेळा संघाचे पत्रक घरोघर टाकतात आणि एकदा वर्गणी घेतात. वर्गणी अगदी किरकोळ असते, एखाद्या कॉफीच्या किमतीइतकी. पहिल्या वर्षी ते आले तेव्हा त्यांनी खिशातून रबर लावलेली एक वही काढली. वहीच्या प्रत्येक पानावर घराचा क्रमांक, कुटुंबाचे नाव आणि शेजारी बारीक अक्षरात टिपणे होती. एका घरापुढे बेल वाजत नाही, दार ठोठवावे असे लिहिलेले. दुसऱ्या घरापुढे बाईंना ऐकू कमी येते, खिडकीशी जावे. तिसऱ्यापुढे रात्रपाळी, दुपारी चारनंतर. आमच्या क्रमांकापुढे आधीच्या भाडेकरूंचे नाव खोडून त्यांनी माझे आडनाव विचारले, एकेक अक्षर विचारून लिहून घेतले आणि मग म्हणून दाखवले. तीन वेळा चुकल्यावर चौथ्या वेळेला त्यांनी ते बरोबर म्हटले, आणि तेव्हापासून आजवर कधी चुकवलेले नाही.

त्यांच्यासोबत मी पहिल्यांदा संघाच्या सभेला गेले. चर्चला लागून असलेल्या एका हॉलमध्ये चाळीसेक माणसे घडीच्या खुर्च्यांवर बसली होती, मागे चहाचे मोठे भांडे खदखदत होते आणि दोन नगरसेवक समोरच्या रांगेत अंगावरचे कोट न काढता बसले होते. पहिला तास एका कोपऱ्यावरच्या झाडावर गेला. झाडाच्या मुळांनी फूटपाथ उचलला होता. झाड काढायचे की फूटपाथ वळवायचा, फूटपाथ काउंटीचा आहे तर बरोने किती बोलायचे, आणि अंध व्यक्ती त्या बाजूने जाते का, या सगळ्याचा तिथे विचार झाला. मला सुरुवातीला वाटले की ही माणसे किती लहान गोष्टीवर किती वेळ घालवतात. सभा संपेपर्यंत माझे मत बदलले होते, कारण त्या हॉलमधल्या प्रत्येकाला ते झाड माहीत होते, ते कोणाच्या दारासमोर आहे हे माहीत होते, आणि निर्णय चुकला तर तो चुकवणारी माणसे उद्या सकाळी त्याच झाडाखालून स्टेशनाकडे जाणार होती.

मात्र या जवळिकीची दुसरी बाजू मला त्याच हॉलमध्ये पुढे दिसली. लंडन पसरत जाऊन सगळी गावे गिळू नयेत म्हणून शहराभोवती मोकळ्या जमिनीचा पट्टा राखण्याचे धोरण आहे, ज्याला ग्रीन बेल्ट म्हणतात. आमच्या बरोची चाळीस टक्क्यांहून अधिक जमीन त्या पट्ट्यात येते. उरलेली जवळपास सगळी बांधून झालेली आहे. नव्या घरांचे आकडे केंद्र सरकार ठरवते आणि ती घरे कुठे बसवायची हा प्रश्न बरोच्या आराखड्यावर येऊन पडतो. ग्रीन बेल्टला हात लावू नका म्हणून लोक पोटतिडकीने बोलतात, आणि मीही त्या कुरणांतून चालणारी असल्यामुळे त्यांची कळकळ मला समजते. पण त्याच वेळी बेघर झालेल्या कुटुंबांना तात्पुरता निवारा देण्याची कायदेशीर जबाबदारी बरोवर असते, आणि गावात स्वस्त घरे नसल्यामुळे त्या कुटुंबांना कित्येकदा गावाबाहेर ठेवावे लागते. एका सभेत आमच्या प्रतिनिधींनी मोकळ्या कुरणाच्या बाजूने मत दिले. परत येताना ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले की त्यांची नात इथेच वाढली, इथल्याच रुग्णालयात नोकरी करते, आणि भाड्याने राहते ती तासाभराच्या अंतरावर, कारण आजोबांच्या रस्त्यावरचे जोडघर तिला या जन्मी घेता येणार नाही. त्यांनी १९७० च्या सुमारास ते घर एका पगारावर घेतले होते. यावर मी काय बोलणार? गाव टिकवायचे तर त्याची हिरवळ टिकली पाहिजे, आणि गाव टिकवायचे तर त्यात वाढलेल्या मुलीला तिथे राहता आले पाहिजे. यांतले एक वाक्य म्हणताना दुसरे विसरणारा माणूस मला आता अर्धाच बोलतो आहे असे वाटते.

या गावाच्या सीमेचा इतिहास पाहिला म्हणजे ते लंडनमध्ये का नाही, याचे आश्चर्य वाटते. उत्तरेला आणि पूर्वेला किंग्स्टन आणि सटन या लंडनच्या बरोंनी ते वेढलेले आहे. लंडनच्या कारभारासाठी नेमलेल्या आयोगाने १९६० च्या अहवालात एप्सम अँड यूलला बृहत्-लंडनमध्ये घ्यावे असे सुचवले होते. इथल्या लोकांनी आणि कौन्सिलने विरोध केला, आणि १९६३ चा कायदा झाला तेव्हा हे गाव बाहेर राहिले. तरी लंडनचे धागे तुटले नाहीत. २००० सालापर्यंत इथे लंडनचेच मेट्रोपॉलिटन पोलीस होते. यूलच्या कित्येक घरांचा दूरध्वनी क्रमांक अजूनही लंडनच्या ०२० ने सुरू होतो, तर एप्समचा वेगळा आहे. लंडनच्या लाल बसेस किंग्स्टनहून आणि मॉर्डनहून थेट एप्समच्या बाजारपेठेपर्यंत येतात. १९७२ च्या कायद्याने देशभरातले डिस्ट्रिक्ट मोडून-जोडून नवे केले, त्यातही हा बरो आपल्या जुन्याच हद्दीसह शिल्लक राहिला.

हद्दीवरच्या या जगण्याचे सगळ्यात सुंदर उदाहरण म्हणजे नॉनसच पार्क. आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये इथे राजवाडा बांधायला घेतला. जगात ज्याला तोड नाही असा, म्हणून नाव नॉनसच. त्यासाठी कडिंग्टन हे नांदते गाव आणि त्याचे चर्च पाडण्यात आले. दीडशे वर्षांच्या आत राजवाडाही पाडला गेला आणि त्याचे दगडलाकूड विकले गेले. १९५९ च्या उत्खननात राजवाड्याच्या पायाबरोबर त्या चर्चचाही पाया सापडला. १९३७ मध्ये हे उद्यान आसपासच्या कौन्सिलांनी मिळून लोकांसाठी विकत घेतले. आज ते एप्सम अँड यूल आणि लंडनमधील सटन यांची संयुक्त समिती सांभाळते. रविवारी सकाळी मी तिथे चालायला जाते तेव्हा समोरून येणारी माणसे कोणत्या कौन्सिलची आहेत हे ओळखण्याचा काही मार्ग नसतो. यूलच्या मध्यभागी, हॉग्समिल नदीच्या उगमाच्या तळ्याकाठी, तबकडीच्या आकाराची बोर्न हॉल ही १९७० ची वास्तू आहे. तिच्या एकाच घुमटाखाली ग्रंथालय काउंटीचे आणि वस्तुसंग्रहालय बरोचे. माझ्या मुलीने वाचायला शिकल्यावर पहिले पुस्तक तिथूनच आणले. कोणाचे काय, हे तिला कधीच कळले नाही आणि कळण्याची गरजही नव्हती.

एप्सम हे नाव महाराष्ट्रात पोचले ते खताच्या पोत्यावरून. द्राक्षाच्या बागेला किंवा गच्चीवरच्या गुलाबाला घातले जाणारे एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, सतराव्या शतकात इथल्याच माळावरच्या कडू पाण्याच्या विहिरीतून प्रसिद्धीस आले. उरलेल्या जगाला एप्सम माहीत आहे ते डर्बीमुळे. १७८० पासून चालत आलेल्या या शर्यतीत १९३४ साली राजपिपळ्याच्या महाराजांचा विंडसर लॅड हा घोडा जिंकला होता. १९१३ मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी एमिली डेव्हिसन याच मैदानावर राजाच्या घोड्याखाली सापडली आणि चार दिवसांनी इथल्याच लहानशा रुग्णालयात मरण पावली. २०२१ पासून तिचा पुतळा बाजारपेठेतल्या बाकावर बसलेला आहे आणि त्याच्या शेजारी एक जागा रिकामी ठेवलेली आहे. शर्यतीचे मैदान खासगी असले तरी त्या डाउन्सवर, म्हणजे चुनखडीच्या उघड्या टेकड्यांवर, हवा खाण्याचा आणि चालण्याचा हक्क जनतेला कायद्याने दिलेला आहे. त्यावर देखरेख करणाऱ्या मंडळात बरोचे प्रतिनिधी बहुसंख्य आहेत. पहाटे घोड्यांचा सराव, नंतर माणसांचे फिरणे, अशी वाटणी तिथे कित्येक वर्षे नांदते आहे.

आणखी एक जागा सांगितल्याशिवाय या गावाची गोष्ट खरी होणार नाही. १८९६ मध्ये लंडन काउंटी कौन्सिलने एप्समच्या पश्चिमेला हॉर्टनची मोठी जमीन विकत घेतली आणि पुढच्या काळात तिथे शहरातल्या मनोरुग्णांसाठी पाच रुग्णालये उभी केली. लंडनने आपल्याला नकोशी झालेली माणसे हद्दीबाहेर ठेवली, आणि ती जागा आमचे गाव होते. १९९० च्या दशकात ही रुग्णालये बंद होत गेली आणि त्यांच्या आवारात नव्या वसाहती झाल्या. पण त्यांतल्या सुमारे नऊ हजार रुग्णांना जिथे पुरले ते हॉर्टन दफनभूमीचे आवार १९८३ मध्ये एका खासगी विकासकाला विकले गेले. आज तिथे झाडोरा माजला आहे आणि एकही नाव वाचता येत नाही. गावातले स्वयंसेवक जुन्या नोंदी उकरून एकेका माणसाचे नाव आणि जीवनकथा शोधत आहेत. ही जमीन पुन्हा सार्वजनिक मालकीची व्हावी अशी त्यांची मागणी आहे. तिथल्या कुंपणाबाहेर मी दोनदा जाऊन उभी राहिले. कोपऱ्यावरच्या एका झाडासाठी तासभर बोलणाऱ्या गावाला नऊ हजार माणसांची ही जमीन इतकी वर्षे दिसली नाही, हे मला फार लागले. आणि ती पुन्हा दिसली तीही गावातल्याच माणसांना, हेही तितकेच खरे आहे.

आता हा बरोच जाणार आहे. दोन मजल्यांची रचना काढून एकच संस्था करायची, असे सरकारचे धोरण आहे. त्यानुसार ऑक्टोबर २०२५ मध्ये सरेचे दोन भाग करण्याचा निर्णय जाहीर झाला. एप्सम अँड यूल हे एल्मब्रिज, मोल व्हॅली, रायगेट अँड बॅन्स्टेड आणि टँड्रिज यांच्याबरोबर पूर्व सरेत जाईल. नव्या कौन्सिलची पहिली निवडणूक मे २०२६ मध्ये, आणि एप्रिल २०२७ पासून सगळा कारभार तिच्याकडे. ८१ हजारांच्या गावाऐवजी साडेपाच लाखांच्या आसपास माणसांची एक संस्था. खड्डा आणि पाने एकाच कार्यालयाकडे येतील, कचरा उचलणारा आणि त्याची विल्हेवाट लावणारा एकच असेल, खर्च वाचेल, हे फायदे मला नाकारायचे नाहीत. पण एका नगरसेवकामागची माणसे कितीतरी पटींनी वाढतील, आणि आमच्या बरोत पॅरिश कौन्सिल हा सर्वांत खालचा स्तर नव्हता, त्यामुळे बरो गेल्यावर त्या जागी काय राहणार हा प्रश्न उघडा पडतो. महाराष्ट्रात २०२२ पासून कित्येक नगरपालिका आणि महानगरपालिका वर्षानुवर्षे निवडून आलेल्या माणसांविना प्रशासकांच्या हाती राहिल्या. दिवे लागत होते, कचरा उचलला जात होता, पण कोणाच्या दारात जाऊन बोलायचे हे लोकांना कळेनासे झाले होते, असे बाबा तेव्हा सांगत. इथे कारभार निवडून आलेल्यांकडेच राहणार आहे, म्हणून गोष्ट तीच नाही, तरी दार दूर जाण्याची भीती मला तीच वाटते.

हा निर्णय बाबांना सांगितला तेव्हा ते क्षणभर थांबले. मग त्यांनी विचारले, "त्या कार्यालयातल्या जुन्या नकाशांचं काय करणार?" त्यांच्या नगरपरिषदेत जुन्या जलवाहिनीचा नकाशा कागदावर अपुरा होता. कोणता व्हॉल्व्ह कुठल्या चौकात, किती फूट खाली आहे, हे एका फिटरला तोंडपाठ होते, आणि तो निवृत्त झाल्यावर दोन वर्षे रस्ते उगाच खोदावे लागले. ही गोष्ट त्यांनी मला लहानपणापासून अनेकदा सांगितली आहे. मी म्हटले, "बाबा, नकाशे आता संगणकावर असतात." ते म्हणाले, "तेवढंच नसतं गं."

गेल्या आठवड्यात आमचे प्रतिनिधी वर्गणीसाठी आले. त्यांना आता जिना चढवत नाही, म्हणून गल्लीतल्या वरच्या मजल्यावरच्या घरांना मी पत्रके टाकते. दारात उभे राहून त्यांनी वहीला लावलेले रबर काढले, आमचे पान उघडले, नाण्यांची नोंद केली आणि वर्षाच्या रकान्यात २०२७ च्या पुढचेही दोन रकाने पट्टीने आखून घेतले. मग वही माझ्या हाती देऊन म्हणाले की समोरच्या घरात नवे कुटुंब आले आहे, त्यांचे आडनाव त्यांना नीट लिहिता आले नाही, तर मी जाऊन विचारून यावे.

मी चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला.